दीड मिलिमीटरची मुभा

पीयूसीच्या यंत्रावर आमच्या अँबॅसॅडरचे आकडे विचित्र आले. मार्च २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना निष्क्रिय वेगावर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. आमचा मोनॉक्साइड काठावर होता, पण मर्यादेत. हायड्रोकार्बन मात्र मर्यादा ओलांडून बराच पुढे गेलेला. केंद्रावरच्या मुलानं कार्बोरेटर ट्यून करून आणा म्हणून सांगितलं. मी उभं आयुष्य अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे ते दोन आकडे शेजारी-शेजारी बघून मला राहवेना. पेट्रोल जास्त जात असेल तर दोन्ही आकडे चढायला हवेत. मोनॉक्साइड बेताचा आणि न जळलेलं पेट्रोल भरमसाट, याचा अर्थ एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडते आहे, पण मिश्रण पेट घेत नाही. आणि ते पेट घेत नाही, कारण त्यात कुठून तरी फुकटची हवा मिसळते आहे.

गाडीच्या तक्रारी तशा जुन्याच होत्या. सिग्नलला उभी राहिली की इंजिन लंगडायचं. सकाळी सुरू केल्यावर बॉनेटखालून चट चट आवाज यायचा आणि गाडी तापली की तो बंद व्हायचा. फरशीवर तेलाचा डाग पडायचा. चढावर आत जळक्या तेलाचा वास यायचा. या सगळ्याची आम्हाला सवय झाली होती, पण एका गोष्टीची होऊ दिली नाही. सासूबाईंना लांबच्या प्रवासात डोकं दुखायचं. वय झालं, गाडी लागते, असं घरात सगळे म्हणायचे. मला भीती वेगळीच होती. जळक्या तेलाला वास असतो, कार्बन मोनॉक्साइडला नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो आणि त्याची पहिली खूण डोकेदुखीच असते. बॉनेटखाली एक्झॉस्ट गळत असेल आणि पॅडल-केबलींच्या भोकांतले रबर कडक होऊन तडकले असतील, तर तो वायू थेट माणसांच्या पायाशी येतो. हे लक्षात आल्यापासून सासूबाईंना त्या गाडीत बसवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

या तक्रारींवर आजवर वेगवेगळे इलाज झाले होते. इंजिन लंगडतं म्हणून कोणी कार्बोरेटर खोलला, तेल गळतं म्हणून कोणी वरचं पॅकिंग बदललं, आवाज येतो म्हणून कोणी नट आवळले. पण या गाडीत हे सगळे रस्ते एकाच ठिकाणी जाऊन मिळतात.

आमची गाडी १९८४ची, मार्क फोर. अँबॅसॅडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. हिंदुस्थान मोटर्सनं ती १९५७ पासून बंगालमध्ये उत्तरपाड्याला बांधली आणि २०१४ साली कारखाना थांबेपर्यंत तिचं अंग फारसं बदललं नाही. १९५९ मध्ये तिला १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन मिळालं. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं, म्हणजे एमजीए या स्पोर्ट्‌स गाडीच्या इंजिनाचं सख्खं भावंड. आजच्या बहुतेक इंजिनांत हवा-पेट्रोल एका बाजूनं आत जातं आणि धूर समोरच्या बाजूनं बाहेर पडतो. इथं दोन्हीची तोंडं हेडच्या एकाच बाजूला आहेत. त्यातही चार सिलिंडरांना आत घेण्याची तोंडं दोनच, पहिल्या-दुसऱ्याला मिळून एक आणि तिसऱ्या-चौथ्याला मिळून एक. बाहेर टाकण्याची तीन, त्यातलं मधलं दुसऱ्या-तिसऱ्याच्या वाटणीचं. अशी पाच तोंडं एका ओळीत आणि त्या पाचांवर मिळून एकच लांबलचक पॅकिंग. त्याच्या बरोबर खाली, ब्लॉकच्या कुशीला, पत्र्याची दोन झाकणं असतात. त्यांच्या आड टॅपेट असतात. या झाकणांतून तेल गळायला लागलं, तर मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. हवा आत येते, धूर बाहेर पडतो, तेल झिरपतं, आणि तिन्हीच्या वाटेत तोच मॅनिफोल्ड.

आधी खात्री करून घेतली. चारही प्लग काढून पाठीवर नंबर लावून ठेवले. पहिला आणि दुसरा काजळीनं काळे, तिसरा आणि चौथा पांढुरके, कोरडे. हे बघितल्यावर मागच्या इनलेटच्या तोंडावर बोट ठेवता येत होतं. तिथून येणारी जादा हवा मागच्या दोन सिलिंडरांना मिळत होती. त्यावर उपाय म्हणून कोणी तरी कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू सोडून पेट्रोल वाढवलं होतं, म्हणून पुढचे दोन विनाकारण काजळत होते. एका दोषावर दुसरा दोष चढवून गाडी चालती ठेवलेली.

व्हॅक्यूम गेज मी मुद्दाम मागवून घेतला. पुस्तकात लिहिलेलं असतं की निरोगी इंजिन निष्क्रिय वेगावर १७ ते २१ इंच पारा दाखवतं. तो हिशेब समुद्रसपाटीचा. आमचं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरतात. म्हणजे आमच्याकडे १५ ते १९ योग्य. आमची सुई १२ वर थरथरत होती.

आमच्या मेस्त्रींचं गॅरेज शिवाजी उद्यमनगराच्या कडेला आहे. त्यांच्या वडिलांनी ऑइल इंजिनं दुरुस्त केली, यांनी ट्रक आणि जुन्या गाड्या. मी प्लग आणि गेजचा आकडा समोर ठेवला. त्यांनी प्लग उजेडाकडे धरून बघितले आणि म्हणाले, "बाई, ह्ये आवळून बसनार न्हाई. आवळून आवळूनच हितवर आलंय. तोंड सपाट पायजे."

हवेची गळती शोधायला बरेच जण सुईच्या सिरिंजमधून पेट्रोल उडवतात. ज्या जागी पेट्रोल आत ओढलं जातं, तिथं इंजिनाचा आवाज बदलतो. पण या इंजिनात इनलेटला खेटूनच तापलेला एक्झॉस्ट असतो, त्यामुळे मी पाण्याचा फवारा मारायचा आग्रह धरला. मागच्या तोंडावर पाणी पडताच इंजिन क्षणभर दबलं आणि पुन्हा लंगडायला लागलं. एक्झॉस्टसाठी गाडी थंड असताना सायलेन्सरच्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडली आणि जोडावर साबणाचं पाणी लावलं. मागच्या कोपऱ्यात फेस आला. बारकं पोरगं, मेस्त्रींच्या हाताखालचं, ते बघायला आनंदानं वाकलं. दोष डोळ्यांना दिसतो तेव्हा शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मी वर्गात पुष्कळदा बघितलं आहे.

उतरवण्याचं काम सांगायला सोपं आहे. बॅटरीची तार, एअर क्लीनर, पेट्रोलची नळी, चोक आणि ॲक्सिलरेटरचे दांडे, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी, खाली सायलेन्सरच्या पाइपचा जोड, आणि मग मॅनिफोल्डचे नट. अडतं ते नटांपाशी. या स्टडवर पितळी नट असायला हवेत. पितळ लोखंडावर गंजून धरत नाही आणि कितीही तापलं तरी पुढच्या वेळी सुटतं. पुढचे नट पितळी होते, ते सहज निघाले. मागचे दोन कोणी तरी पोलादी लावले होते, आणि नेमके ते इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या, आतल्या पडद्याला चिकटून, जिथं पाना पाव फेराही फिरत नाही तिथं. त्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी गॅसची ज्योत दाखवली. एक सुटला. दुसऱ्याचा स्टडच पिळून तुटला. मेस्त्रींनी कार्बोरेटर आधीच दूर ठेवलेला होता. पेट्रोलची नळी गाठ मारून बंद केली, ओलं गोणपाट आडवं लावलं आणि तुटक्या टोकावर नवा नट वेल्ड केला. वेल्डिंगच्या उष्णतेनं आटे ढिले झाले आणि गार होता होता स्टड मुकाट्यानं बाहेर आला.

जुनं पॅकिंग खरडताना मी सगळ्यांना थांबवलं. त्या काळच्या पॅकिंगमध्ये आस्बेस्टस असायचं. कोरडं खरडलं की त्याचे अदृश्य तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचे आजार अनेक वर्षांनी वर येतात. आमच्या गॅरेजांतून किती पोरांनी हे कोरडं खरडलं असेल, याचा विचारही करवत नाही. पाणी मारून, ओलं करून, तुकडे पिशवीत भरून बांधले. पोराला मास्क दिला. वायर ब्रशच्या मशीनला हात लावू दिला नाही.

मग मॅनिफोल्ड टेबलावर उलटे ठेवून त्यांच्या तोंडांवर स्ट्रेट एज लावला. इनलेट जवळपास सरळ होता. एक्झॉस्टच्या मागच्या टोकाखाली १५ थाउची फिलर गेज विनासायास सरकली. १५ थाउ म्हणजे जेमतेम ०.३८ मिलिमीटर. पॅकिंग दबून तेवढी फट भरून काढील असं वाटतं, पण ते तापून-गार होऊन कडक झालं की भरत नाही.

आता हा बिडाचा जाडजूड तुकडा वाकतो कशानं? याचं उत्तर मी पोराला कागदावर करून दाखवलं. पहिल्या तोंडापासून शेवटच्या तोंडापर्यंत सुमारे ४० सेंटीमीटर धरू. बीड दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांतले ११ भाग वाढतं. एक्झॉस्ट चारशे अंशांनी तापला तर तो पावणेदोन मिलिमीटर लांब होतो. हेड पाण्यानं गार राहतं, ते साठ-एक अंशांनीच तापतं, म्हणजे पाव मिलिमीटर. दोघांत दीड मिलिमीटरचा फरक. गाडी सुरू होते आणि थंड होते, तेवढ्या प्रत्येक वेळी मॅनिफोल्डला हेडवर दीड मिलिमीटर सरकायचं असतं. म्हणून त्याची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात, आणि जाड वायसरखाली तो दबलेला राहूनही हलू शकतो. नट दाताखाली ओठ दाबून आवळले, की ही मुभा जाते. मग तो सरकण्याऐवजी कमानीसारखा वाकतो, आणि फार झालं तर तडकतो. मेस्त्री जे म्हणाले होते, आवळून आवळूनच इथवर आलंय, त्याचा हा हिशेब. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

दुसरं कारण गाडीखाली सापडलं. गिअरबॉक्सजवळ सायलेन्सरचा पाइप धरून ठेवणारी पट्टी केव्हाच तुटून पडली होती. तो सगळा पाइप मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला लोंबकळत होता आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्याला हिसका देत होता. ही पट्टी तशीच ठेवली असती, तर वरचं सगळं काम काही महिन्यांत मातीमोल झालं असतं.

उद्यमनगरात हे काम होऊ शकतं, याचं मला खरंच कौतुक आहे. ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, गुऱ्हाळांचे चरक, यांवर हा भाग उभा राहिला. नदीकाठच्या मळ्यांना पाणी चढवणाऱ्या इंजिनांची हेडं ज्या सरफेस ग्राइंडरवर सपाट झाली, त्याच जातीच्या मशीनवर आमचा एक्झॉस्ट चढला. ग्राइंडिंग करणाऱ्या गृहस्थांनी तो क्लॅम्पमध्ये आवळला नाही. आवळून सपाट केलेली वस्तू सोडल्यावर पुन्हा वाकते, म्हणून त्यांनी खाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारून तो आहे त्या आकारात टेकवला आणि मग हलक्या हातानं, जेवढ्यास तेवढं, बारीक बारीक काढत गेले. मध्ये निळा रंग लावून कुठं टेकतं, कुठं नाही ते बघत होते. मला तिथून हलावंसं वाटलं नाही.

यात एक बारकावा असा, की तो सोडला तर सगळं फुकट जातं. मधल्या प्रत्येक स्टडवर एकच जाड वायसर असतो. त्याचा एक अर्धा भाग इनलेटच्या कानावर बसतो, दुसरा एक्झॉस्टच्या. एक्झॉस्टचं तोंड घासल्यामुळे त्याचा कान तेवढा पातळ झाला. आता नट कितीही फिरवा, वायसर इनलेटच्या जाड कानावर तिरका टेकणार आणि एक्झॉस्ट सैलच राहणार. आमच्या गाडीत हे पूर्वीही झालेलं दिसत होतं, कारण जुन्या वायसरांवर एकाच बाजूला झिजेची चकाकी होती. मेस्त्रींनी व्हर्नियरनं दोन्ही कान मोजले, फरक कागदावर लिहिला आणि टर्नरकडून जाड पोलादाचे नवे वायसर करवून घेतले, प्रत्येकाच्या अर्ध्या भागाला तेवढीच पायरी ठेवून. पितळी षटकोनी सळीतून नवे नटही तिथंच झाले. इंची आटे असल्यामुळे बाजारात सहज मिळत नाहीत. पॅकिंग कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून मागवलं, जुन्या गाड्यांच्या सामानासाठी ती जागा सगळ्या देशात माहीत आहे.

पॅकिंग येईपर्यंत तेलाच्या गळतीकडे वळलो. बाजूची दोन्ही झाकणं मधल्या एकेका बोल्टवर बसतात. तेल दिसलं की तो बोल्ट आवळायचा मोह होतो, मग झाकण मध्ये खोल जातं आणि कडा उचलतात. मेस्त्रींनी लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीनं कडा सरळ केल्या. पुढच्या झाकणातून ब्रीदर पाइप निघतो, इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर सोडणारा. त्यात तार घातली तर ती अर्ध्यावर अडली. आत काळा, चिकट गाळ दगडासारखा बसला होता. पोटातला दाब सुटायला जागा नाही म्हटल्यावर तो तेलाला जिथं वाट सापडेल तिथून ढकलणारच. रॉकेलमध्ये भिजवून, तारेनं, पुन्हा भिजवून पाइप मोकळा केला. नवी बुचाची पॅकिंगं झाकणाला चिकटवून, ब्लॉककडची बाजू फक्त तेलाचं बोट फिरवून बसवली.

जोडताना मेस्त्रींनी कुठंही लगद्यासारखं केमिकल लावलं नाही. तोंड सपाट असेल तर लागत नाही आणि नसेल तर टिकत नाही, हे त्यांचं मत, आणि मलाही ते पटलं. पॅकिंग कोरडं चढवलं. दोन्ही मॅनिफोल्ड सरकवून सगळे नट बोटांनीच बसवले. मग खाली सायलेन्सरचा पाइप जोडला, तोही सैल. नवी पट्टी लावून पाइपचं वजन गाडीच्या अंगावर घेतलं. सगळं आपापल्या जागी निवांत बसलं आहे, कुठं ओढ नाही, हे हात लावून बघितल्यावरच पाना उचलला. मधून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं, फेऱ्याफेऱ्यानं. शेवटचा पाव फेरा पोराला द्यायला लावला. त्यानं जोर लावायला खांदा उचलला तसे मेस्त्री म्हणाले, "मनगटानं. खांद्यानं न्हाई."

पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर आला, हाताचं आणि सांडलेलं तेल जळल्याचा. तो विरला. चट चट आवाज नव्हता. पण इंजिन जड, दमलेलं वाटत होतं, आणि तसं वाटायलाच हवं होतं, कारण चोरटी हवा बंद झाली होती आणि तिच्यासाठी वाढवलेलं पेट्रोल अजून चालूच होतं. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घेत गेलो, गेजवर नजर ठेवून. सुई चढत साडेसतराला आली आणि तिथं थांबली, थरथर न करता. मेस्त्रींनी दोन बोटं एअर क्लीनरवर ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवून उभे राहिले.

गाडी पूर्ण गार होऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा तपासले. पहिल्या उष्णतेत पॅकिंग थोडं बसतं, त्यामुळे हा हात फिरवावाच लागतो, तोही गार असतानाच. आतल्या पडद्याची सगळी भोकं नव्या रबरांनी बंद केली. मग पन्हाळ्याचा चढ चढवून बघितला. वर पोचल्यावर बॉनेट उघडलं, जोडाभोवती काजळीची रेघ नव्हती. पीयूसीवर हायड्रोकार्बन मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली आला आणि मोनॉक्साइड एक टक्क्याच्या आसपास. सासूबाईंना मागच्या सीटवर बसवून आधी रंकाळ्यापर्यंत, मग जोतिबाला, मग नरसोबाच्या वाडीला नेलं. डोकं दुखलं का, असं मी दर वेळी विचारायची. वाडीहून येताना त्या म्हणाल्या, "आता विचारायचं बंद कर गं, झोप मोडतीस."

मागच्या झाकणाखाली अजून किंचित ओलसरपणा दिसतो. थेंब पडत नाही, पण बोट फिरवलं की तेल लागतं. झाकणाची ती कड पूर्वी कोणी तरी पटाशीनं उचकटून दुमडली आहे. मेस्त्रींनी नवं झाकण शोधायला सांगून ठेवलं आहे. पायरीच्या वायसरांचं मोजमाप मी स्वच्छ काढून त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर लावून दिलं. गेजही तिथंच ठेवला आहे. मागच्या महिन्यात गडहिंग्लजची एक अँबॅसॅडर तशाच तक्रारीनं आली, तेव्हा प्लग काढून नंबर लावण्यापासून सगळं काम पोरानंच केलं आणि एक्झॉस्टचा कान इनलेटपेक्षा किती पातळ आहे, ते मला फोन करून सांगितलं.